कापायचं काय, जपायचं काय: १९६६ च्या एका मस्टँगचं प्रकरण

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप. २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा ऑटोलाइट २१०० कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच टाकीचा मास्टर सिलिंडर. मालकाला ती प्रदर्शनात उभी करायची नाही. दर आठवड्याला चालवायची आहे, अधूनमधून महामार्गावर न्यायची आहे, आणि मागच्या सीटवर मुलं बसणार आहेत.

तक्रारी पाच होत्या. गर्दीत इंजिन तापतं. चढावर दम राहत नाही. जोरात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. रात्री हेडलाइट मिणमिणतात. वेगात गाडी सरळ रेषा धरत नाही, स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं.

जाणकारांकडून सल्ले तीन दिशांनी आले. पहिला गट म्हणाला, कारखान्यातून जशी निघाली तशीच ठेवा, पॉइंटसुद्धा (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे जुने संपर्क) बदलू नका. दुसऱ्या गटाला जुनं इंजिन काढून जनरल मोटर्सचं एलएस बसवायचं होतं: हलकं, आटोपशीर, सहज मिळणारं आणि भरपूर ताकदीचं. तिसऱ्या गटाला फोर्डमध्ये दुसऱ्या कंपनीचं इंजिन ही कल्पनाच सहन होत नव्हती. आधुनिक इंजिन हवंच असेल तर फोर्डचं कोयोटी घाला, असं त्यांचं म्हणणं. तिन्ही गटांचा वाद इंजिनाभोवती फिरत होता. पाचपैकी एकाही तक्रारीचं कारण तोवर कुणी मोजून पाहिलेलं नव्हतं.

शिक्के काय सांगतात

‘मॅचिंग नंबर’, म्हणजे इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळणं, हा शब्द पहिल्या गटाच्या बोलण्यात वारंवार येत होता, म्हणून तिथूनच सुरुवात केली. चालकाच्या दाराच्या मागच्या कडेवरची पट्टी जागेवर होती. गाडीचा क्रमांक ‘६’ ने सुरू होतो म्हणजे १९६६ चं मॉडेल, ‘०७’ म्हणजे हार्डटॉप, ‘सी’ म्हणजे दोन बॅरलचं २८९. बॉडीचा कोड ‘६५ए’, गिअरबॉक्सचा कोड ‘६’ म्हणजे सी-४ ऑटोमॅटिक. तारखेच्या रकान्यात ‘१७ए’, म्हणजे १७ जानेवारी.

या वर्षाच्या साध्या २८९ वर गाडीचा क्रमांक कारखान्यात ठोकलाच जात नव्हता. तो मान फक्त ‘के’ कोडच्या २७१ अश्वशक्तीच्या इंजिनाला होता. बाकीच्या इंजिनांवर ही पद्धत १९६८ च्या मॉडेलपासून आली. त्यामुळे ‘सी’ कोडच्या १९६६ च्या मस्टँगला काटेकोर अर्थाने मॅचिंग नंबर इंजिन असूच शकत नाही. फार तर ब्लॉकच्या ओतकामाची तारीख जुळते का, एवढंच पाहता येतं. स्टार्टर काढून त्याच्या वरच्या भागातला मळ खरवडला तेव्हा ‘५एम१४’ असा शिक्का मिळाला. पहिला आकडा वर्ष, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ वगळलेलं असतं, म्हणून ‘एम’ म्हणजे डिसेंबर. १४ डिसेंबर १९६५ ला ओतलेला ब्लॉक १७ जानेवारीच्या गाडीत बसणं अगदी स्वाभाविक. तो मूळचा असण्याची शक्यता चांगली आहे, पण सिद्ध करता येणार नाही.

हेडवर मात्र ‘सी८’ ने सुरू होणारा क्रमांक निघाला. ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘८’ म्हणजे १९६८. हेड नंतर कधीतरी बदललेली आहेत हे नक्की.

या गाडीत पुराव्यानिशी मूळचं ठरतं ते इंजिनाच्या दोन्ही बाजूंचं पत्राकाम. गाडीचा क्रमांक चालकाच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर (फेंडरच्या आतला उभा पत्रा) वरच्या कडेला ठोकलेला असतो आणि फेंडरच्या खाचेतून दिसतो. फेंडर काढले की त्यांच्याखाली लपलेले शिक्केही सापडतात. इथे ते सगळे मिळाले आणि एकमेकांशी जुळले. हे एप्रन शॉक टॉवरला, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या पत्र्याच्या मनोऱ्यांना, वेल्ड केलेले असतात. म्हणजे ज्या पत्र्यामुळे ही गाडी हीच गाडी ठरते, नेमका त्यालाच मोठ्या इंजिनासाठी कटर लागणार होता. १९६६ च्या मॉडेलच्या ६,०७,५६८ मस्टँग बनल्या, त्यांतल्या ४,९९,७५१ हार्डटॉप. २८९ चा दुसरा ब्लॉक शोधला तर मिळतो. कापून टाकलेला शिक्क्याचा पत्रा परत मिळत नाही, आणि तो काढणं किंवा बदलणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा ठरतं.

तपासणीत काय निघालं

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये साठणारा दाब, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतलं. सहा सिलिंडर १४५ ते १५५ पीएसआयमध्ये, तिसरा १०५ आणि सातवा ९५. त्या दोघांत चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं तरी आकडा हलला नाही, म्हणजे रिंगांचा दोष नाही. हवा भरून पाहिली तेव्हा ती सायलेन्सरच्या नळीतून बाहेर येत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हते.

तापण्याचं कारण अनपेक्षित ठिकाणी होतं. टायमिंग लाइटवर ठिणगी ६ अंश आधी पडते असं दिसत होतं, म्हणजे पुस्तकाप्रमाणे. पण क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. अनेक दशकांत ते रबर सुटतं आणि कडं खुणांसकट सरकतं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घातला, इंजिन हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवलं, दोन्ही जागी खुणा केल्या आणि त्यांचा मध्य काढला. कारखान्याची खूण खऱ्या टीडीसीपासून (पिस्टन सर्वांत वर असतानाची स्थिती) ९ अंश सरकलेली निघाली. म्हणजे ठिणगी ६ अंश आधी पडायची ती प्रत्यक्षात ३ अंश उशिरा पडत होती. उशिरा पेटलेलं मिश्रण ताकद कमी देतं आणि उष्णता एक्झॉस्ट पोर्टमध्ये व पाण्यात ओततं. दम नसणं आणि तापणं, दोन्हींचं मोठं कारण हेच. टायमिंग खऱ्या टीडीसीवरून लावल्यावर आयडलचा व्हॅक्यूम १३ इंचांवरून १८ वर गेला, तोही व्हॉल्व्हचं काम व्हायच्या आधी.

बॅलन्सर बदलताना दोन गोष्टींत चूक होते. या इंजिनाला मुद्दाम ठेवलेल्या २८ औंस-इंच असंतुलनाचा बॅलन्सर लागतो. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटरचा ५० औंस-इंचांचा असतो. तो शाफ्टवर बसतो, पण इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. दुसरं, २८९ च्या बॅलन्सरला पुली तीन बोल्टांची असते, नंतरच्यांना चार.

ब्रेक ओढण्यामागे उजव्या पुढच्या चाकाची रबरी नळी होती. ती आतून फुगल्यामुळे तिथे दाब उशिरा पोहोचत होता आणि डावं चाक आधी धरत होतं. हेडलाइटजवळ इंजिन चालू असताना ११.२ व्होल्ट मिळाले, बॅटरीवर तेव्हा १३.८ होते. या गाडीत दिव्यांचा सगळा करंट डॅशमधल्या स्विचमधून आणि पायाजवळच्या डिपरमधून जातो, रिले नसतो. जास्त वॉटचे हॅलोजन घातले तर स्विचमधला सर्किट ब्रेकर तापून दिवे मध्येच बंद-चालू होऊ लागतात, म्हणून नुसता बल्ब बदलणं धोक्याचं. आणि सरळ न धावण्याचं कारण आयडलर आर्मचं (स्टिअरिंगच्या दुव्याचा आधार) झिजलेलं बुश, शिवाय रेडियल टायरवर लावलेलं बायस-प्लाय, म्हणजे तिरप्या थरांच्या जुन्या टायरच्या काळातलं चाकांचं अलाइनमेंट.

इंजिनाचे तीन प्रस्ताव

कोयोटी हे २०११ च्या मस्टँगमधून आलेलं चार कॅमशाफ्टचं ५.० लिटर इंजिन. इंजिन म्हणून ते उत्तमच आहे. पण चार कॅममुळे हेडजवळ ते फार रुंद होतं आणि १९६६ च्या शॉक टॉवरमध्ये मावत नाही. टॉवर कापायचे म्हणजे पुढचं सस्पेन्शन दुसऱ्या पद्धतीचं बसवावं लागतं, स्टिअरिंग बदलतं, इंधनाचा पंप आणि वायरिंग नव्याने करावी लागते. कंपनीनिष्ठ गट जे इंजिन सुचवत होता, त्यानेच गाडीतलं सगळ्यात जास्त फोर्ड कापलं गेलं असतं. हा विरोधाभास त्यांच्यासमोर मोजपट्टी धरून मांडल्यावरच त्यांच्या लक्षात आला.

एलएस एका कॅमचं, पुशरॉडचं असल्यामुळे बरंच अरुंद असतं. टॉवर न कापता ते बसवता येतं, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्यात जागा उरत नाही. या मस्टँगमध्ये तेलाच्या पॅनचा खोल भाग पुढे लागतो, कारण त्याच्या मागून स्टिअरिंगचा दुवा जातो. ट्रकमधून काढलेल्या एलएसचा तो भाग मागे असतो. पॅन, पिकअप, माउंट, हेडर असं करत यादी वाढत जाते आणि अनेक जण शेवटी कटर उचलतातच.

तिसरा प्रस्ताव नंतर आला, आणि पर्याय म्हणून तो सगळ्यात प्रामाणिक होता: १९८७ ते १९९३ च्या मस्टँगचं ५.० एचओ. हे याच स्मॉल-ब्लॉक घराण्यातलं. ते घराणं १९६२ मध्ये २२१ घनइंचांनी सुरू झालं आणि २००१ पर्यंत चाललं. माउंट जुळतात, पत्रा कापावा लागत नाही, रोलर कॅम मिळतो. मात्र ‘सरळ बसतं’ असं सांगणारे लोक पुढच्या गोष्टी सांगत नाहीत. फ्लेक्सप्लेट आणि बॅलन्सर ५० औंस-इंचांचेच हवेत. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-७-२-६-५-४-८ आहे, २८९ ची १-५-४-२-६-३-७-८. जुन्या क्रमाने वायरी लावल्या तर इंजिन कार्ब्युरेटरमधून भडकतं. रोलर कॅमला डिस्ट्रिब्युटरचं गिअर पोलादी लागतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरचं बिडाचं गिअर थोड्याच काळात झिजून त्याचा चुरा तेलात मिसळतो. वॉटर पंप उलट दिशेने फिरणारा असतो, म्हणून व्ही-बेल्ट ठेवायचे तर टायमिंग कव्हर आणि पंप जुन्या पद्धतीचे घालावे लागतात. इंधनाच्या यांत्रिक पंपासाठीही ते कव्हर लागतंच.

मालकाने तिन्ही प्रस्ताव बाजूला ठेवले. कारण सोपं होतं: २८९ च्या सहा सिलिंडरांचं कॉम्प्रेशन चांगलं होतं, ऑइल प्रेशर चांगलं होतं, आणि बिघडलेलं सगळं हेडमध्ये आणि बॅलन्सरमध्ये होतं. २०० अश्वशक्ती या गाडीला कमी पडत नाही. ती ३ अंश उशिराच्या ठिणगीवर कमी पडत होती.

कंपनीनिष्ठेचा मुद्दा मात्र इथे संपला नाही, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. एखाद्या कंपनीच्या अभियंत्यांनी अडचणी कशा सोडवल्या हे गाडीत वाचता यावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण ती बॅजवर थांबवली तर इतिहासच आड येतो. याच फोर्ड स्मॉल-ब्लॉकवर ब्रिटनमधली सनबीम टायगर धावली, आधी २६० घनइंचांवर आणि शेवटी २८९ वर. सनबीम बनवणारा रूट्स समूह क्रायस्लरच्या ताब्यात गेला, तेव्हा स्वतःचं व्ही-८ बसवण्याचा विचार झाला. क्रायस्लरच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागे असल्याने ते मावलं नाही, आणि १९६७ मध्ये टायगर बंद झाली. अमेरिकेच्या कॅरल शेल्बीची कोब्रा ब्रिटनच्या एसी कंपनीच्या बॉडीत फोर्डचं इंजिन घेऊन आली. या मस्टँगला पर्याय म्हणून मिळणारे डिस्क ब्रेकसुद्धा केल्सी-हेज या वेगळ्या कंपनीचे होते. त्या काळातली कोणतीच गाडी एका घराची नव्हती, त्यामुळे ‘दुसऱ्याचा भाग’ एवढंच कारण नकाराला पुरत नाही. तो भाग बसवायला काय कापावं लागतं, हे पाहायला हवं.

प्रत्यक्ष काम

ब्रेक सगळ्यात आधी. एकाच टाकीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मस्टँगला दुहेरी सिलिंडर १९६७ पासून आला. मूळपंथी, म्हणजे पहिल्या गटानेही इथे हरकत घेतली नाही, फक्त जुना सिलिंडर जपून ठेवा म्हणाले. पुढे चार पिस्टनच्या केल्सी-हेज धर्तीचे डिस्क बसवायचं ठरलं, कारण ते १९६६ च्या पर्यायांच्या यादीत होते. मागे ड्रमच ठेवले.

या कामात चुका ठरावीक ठिकाणी होतात. ड्रम-ड्रमसाठी बनलेल्या दुहेरी सिलिंडरच्या आत सुमारे १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब टिकवून ठेवणारा) असतो. तो डिस्कच्या वाटेवर राहिला तर पॅड सुटत नाहीत आणि काही किलोमीटरांत डिस्क निळी पडते. म्हणून डिस्क-ड्रमसाठीचाच सिलिंडर घ्यायचा. बूस्टर नसेल तर मागच्या पिस्टनमधलं पुशरॉडचं भोक खोल हवं. उथळ भोकात रॉड निसटू शकतो, आणि मग पेडल नुसतंच खाली जातं. पेडल मोकळं असताना रॉडला किंचित ढिलाई राहिलीच पाहिजे, नाहीतर तेल परत जाण्याची वाट बंद होऊन ब्रेक हळूहळू आवळत जातात. सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी बेंचवरच हवा काढून घेतली, मागच्या नळीत जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घातला. ओल्या मोकळ्या जागेत पुढची चाकं मागच्यांच्या आधी अडकतील इतका तो कमी केला. मागची चाकं आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. तिन्ही रबरी नळ्या नव्या, तेल डॉट ४.

हेडच्या कामात बारीकसारीक निर्णय बरेच होते. शिशाशिवायच्या पेट्रोलमुळे जुन्या बिडाच्या सीट खचतात ही भीती सतत जोरात चालणाऱ्या इंजिनाला लागू होते. हलक्या वापराच्या गाडीचं हेड केवळ त्यासाठी उघडू नये. इथे हेड उतरलेलंच होतं, म्हणून आठ एक्झॉस्ट सीट कडक धातूच्या बसवल्या. सीटसाठी जास्त खोल कापलं तर कटर पाण्याच्या पोकळीत शिरतो, त्यामुळे हे काम या हेडची माहिती असलेल्या मशीनशॉपमध्येच द्यावं.

‘सी८’ हेडला रेल रॉकर असतात; रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा छोटा दांडा. रॉकरच्या टोकाच्या दोन कडा व्हॉल्व्हच्या दांड्याला धरून रॉकर सरळ ठेवतात. या कडा झिजल्या की रॉकर स्प्रिंगच्या रिटेनरवर दाबतो, लॉक सुटतात आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. या हेडमधले तीन रॉकर त्या अवस्थेच्या अगदी जवळ होते. सोळाही बदलले. प्रेस करून बसवलेले स्टड वर सरकले आहेत का, हे सरळ पट्टी ठेवून पाहिलं. सगळे एका पातळीत होते. हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत आवळले: ५०, ६० आणि शेवटी ६५ ते ७२ फूट-पौंड. सपाट टॅपेटच्या कॅमसाठी झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं तेल घातलं, कारण आजच्या गाड्यांच्या पातळ तेलांत फॉस्फरसवर साधारण ८०० पीपीएमची मर्यादा असते.

इग्निशनचा वाद सर्वांत लांबला, आणि त्याचं कारण कळतं. पॉइंट हाताने लावता येतात, गॅप ०.०१७ इंच, रस्त्यात बिघडले तर रस्त्यातच दुरुस्त होतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्युल झिजत नाही, पण गेलं तर पूर्ण जातं. शेवटी डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश नवं घातलं आणि टोपणाखाली मॉड्युल बसवलं. ढिल्या बुशवर मॉड्युल बसवून दोष झाकणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक फोर्डच्या गुलाबी तारेची. ही रोधक तार इंजिन चालू असताना कॉइलला मुद्दाम कमी व्होल्ट देते. मॉड्युलची लाल तार तिलाच जोडली तर मॉड्युल उपाशी राहतं आणि गरम झाल्यावर इंजिन मिसिंग करतं. कॉइल गुलाबी तारेवरच ठेवली. मॉड्युलला चावीच्या ‘रन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्ही स्थितींत पूर्ण १२ व्होल्ट देणारी वेगळी तार ओढली. ॲक्सेसरीच्या टर्मिनलवरून घेतली असती तर स्टार्टर फिरताना मॉड्युल बंद राहिलं असतं. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवले आहेत.

रेडिएटर मूळ मापाचाच, तीन रांगांचा, तांबा-पितळेचा. २४ इंची रेडिएटर आधाराचा पत्रा कापल्याशिवाय बसत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला. फॅनला आवरण लावलं, थर्मोस्टॅट ८२ अंशांचा. दिव्यांना दोन रिले आणि जाड तार. जुनं वायरिंग आता फक्त रिले चालवतं आणि एक प्लग काढला की सगळं पूर्ववत होतं.

महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या ओव्हरड्राइव्हच्या गिअरबॉक्सला नकार देण्यामागे गणित होतं. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर २.८०, टायरचा व्यास सुमारे २५.५ इंच. ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला २,३०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. ०.६७ चा ओव्हरड्राइव्ह लावला तर १,५५० च्याही खाली येतं. तिथे दोन बॅरलचं २८९ ओढत नाही, कुंथतं.

पुढच्या वरच्या आर्मचा आधार १ इंच खाली घेण्याची सुधारणा शेल्बीच्या १९६५ च्या जीटी ३५० मस्टँगवर होती, आणि ती खरोखर चांगली आहे. त्यासाठी शॉक टॉवरला चार भोकं पाडावी लागतात. तूर्त ती टाळली: आयडलर आर्म नवा घातला आणि पुढच्या चाकांचे कोन असे लावले, कॅस्टर अधिक २.५ अंश, कॅम्बर उणे अर्धा, टो-इन १/८ इंच. गाडी सरळ धावू लागली, म्हणून भोकांची गरज उरली नाही.

जे मिटलं नाही

डिकीचा तळ म्हणजे पेट्रोलच्या टाकीचाच वरचा पत्रा, आणि टाकी व मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्यापलीकडे फारसं काही नाही. मुलं मागे बसणार असल्याने तिथे पोलादी पडदा लावायचं ठरलं आहे. तो स्क्रूने बसतो, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. तीन बिंदूंच्या पट्ट्यांवर मात्र एकमत नाही. हार्डटॉपला मधला खांब नसतो, त्यामुळे वरच्या टोकासाठी छताच्या कडेत मजबुतीची पट्टी वेल्ड करावी लागते. मूळपंथी गट त्याला कापाकापीच म्हणतो. आमच्या मते गाडी नियमित चालणार असेल तर हे वेल्डिंग करावं, फोटो आणि मापांसकट नोंद ठेवून.

काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत आहे. फिवाची (ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना) तुरिन सनद बदल परत फिरवता येण्यावर जो भर देते, त्याला हे धरून आहे. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्पर्धांत रोजच्या आणि बदललेल्या गाड्यांसाठी वेगळे वर्ग आहेतच, त्यामुळे या गाडीला कोणी दारातून परत पाठवणार नाही.

हेडचा शोध चालू आहे. १९६५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधली, म्हणजे ‘५के’ ते ‘५एम’ शिक्क्याची जोडी मिळाली तर मूळपंथी गट ती बसवायचा आग्रह धरणार. ती घेताना ‘सी८’ चे रेल रॉकर त्यांवर चढवायचे नाहीत: त्या हेडमध्ये पुशरॉडची भोकं लांबट असतात आणि तीच रॉकर सरळ ठेवतात, त्यामुळे साधे रॉकर आणि त्यांना जुळणारे व्हॉल्व्ह लागतील. आणि पैसे देण्याआधी दोन्ही हेड तडे तपासण्यासाठी मशीनशॉपमध्ये न्यायची, तारखेचा शिक्का कितीही सुंदर असला तरी.